आमच्या वस्तीचा इतिहास कोण लिहिणार? मुंबईच्या पूर्व उपनगरांची दुसरी बाजू

मुंबईच्या उपनगरांवरचे एखादे लोकप्रिय पुस्तक घ्या, वर्तमानपत्राची पुरवणी घ्या किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका घ्या. गोष्ट ठरलेली असते. आधी कोळीवाडे, गावठाणे आणि भातशेती. मग १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली आगगाडी. मग हवापालटासाठी बंगले बांधणारे व्यापारी, सहकारी सोसायट्या, वाचनालये, शाळा, चेंबूरचा आर. के. स्टुडिओ. आणि अगदी शेवटी, पुढे झोपडपट्ट्या वाढल्या आणि उपनगराचे जुने रूप हरवले, अशा अर्थाचे एक वाक्य.

त्या एका वाक्यात लाखो माणसे कोंबलेली असतात. २००१ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. २०११ मध्ये हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. ज्या शहरात जवळजवळ निम्मे लोक वस्तीत राहतात, त्या शहराच्या इतिहासात वस्तीला एक वाक्य मिळते. हे विसरभोळेपणाने घडलेले नाही. गावाच्या इतिहासात गावकुसाबाहेरचा महारवाडा जसा नसतो, तशीच शहराच्या इतिहासात वस्ती नसते. कूस दगडमातीचे नसले तरी कूसच असते.

या लेखात आम्ही कुर्ला, चेंबूर, घाटकोपर, गोवंडी, मानखुर्द हा पट्टा घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : पूर्व उपनगराचा इतिहास हा शहराने स्वतःला नको असलेली वस्तू, नको असलेले काम आणि नको असलेला माणूस कुठे नेऊन टाकला, याचा इतिहास आहे. त्याच वेळी तो टाकलेल्या माणसांनी त्या जागेला नगर बनवल्याचाही इतिहास आहे. यातला पहिला भाग थोडाफार लिहिला गेला. दुसरा आपणच लिहायचा आहे, आणि वेळ फार थोडा आहे. वेळ का थोडा, ते शेवटी सांगू.

सर्वात जुने पान

ज्या साष्टी बेटावर आजची उपनगरे उभी आहेत, त्याच बेटावर बोरिवलीजवळ कान्हेरीची शंभरहून अधिक लेणी आहेत. मागाठाणे आणि अंधेरीची महाकाली ही बौद्ध लेणीही उपनगरातच येतात. उत्तरेला नालासोपाऱ्यात, म्हणजे जुन्या शूर्पारकात, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला आणि तिथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत दान देणारे लोक कोण आहेत? कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, भिक्षुणी आहेत. कुणी पाण्याचे टाके खोदून दिले, कुणी वाट बांधून दिली. म्हणजे या भूमीवर लिहून ठेवलेला सर्वात जुना इतिहास हा कष्टकरी-व्यापारी लोकांच्या दानाचा आणि बुद्धाच्या संघाचा इतिहास आहे.

आम्ही इथे वंशाचा दावा करत नाही. आजच्या वस्तीतला माणूस कान्हेरीच्या लोहाराचा थेट वारस आहे, असे सांगायला पुरावा लागतो. मुद्दा वेगळा आहे. त्या लोहाराने दोन हजार वर्षांपूर्वी आपले नाव, गाव आणि काम दगडात कोरून ठेवले, म्हणून आज आपण त्याच्याबद्दल बोलू शकतो. आपल्या आजोबांनी गटार खोदले, रस्ता केला, विहार बांधला, पण त्याची ओळ कुठे कोरली आहे?

आधी कचरा आला, मग माणसे आली

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. इंग्रज सरकार आणि इथले श्रीमंत दोघेही घाबरले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, रुंद रस्ते झाले. याच ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीत पुढे बाबासाहेब राहिले. आपल्यासाठी त्या काळातला दुसरा निर्णय जास्त महत्त्वाचा आहे. शहराचा कचरा शहराबाहेर न्यायचा असे ठरले आणि त्यासाठी चेंबूरची दलदलीची जमीन निवडली गेली. १९०६ मध्ये कुर्ला ते चेंबूर लोहमार्ग टाकला गेला. त्यावरून आधी कचरा वाहिला गेला, माणसांसाठी गाडी सुरू व्हायला १९२४ साल उजाडले. १९२७ पासून देवनारचे कचरा मैदान सुरू झाले, ते आजही आहे. आज हार्बर लाइनने गोवंडीला उतरणाऱ्या किती जणांना माहीत आहे, की आपल्या स्टेशनकडे येणारा हा मार्ग मुळात कचऱ्याच्या गाडीचा आहे?

कचऱ्यामागून बाकीचे सगळे आले. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ मध्ये तुर्भ्याच्या किनाऱ्यावर दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, १९५६ मध्ये औष्णिक वीजकेंद्र आले, साठच्या दशकात खत कारखाना आला. १९७१ मध्ये वांद्र्याचा कत्तलखाना देवनारला हलवला गेला. अलीकडच्या काळात रुग्णालयांतला कचरा जाळण्याचा प्रकल्पही गोवंडीतच आला. वांद्र्याला जे नको ते देवनारला, दक्षिण मुंबईला जे नको ते चेंबूरला. गावात मेलेले ढोर ओढायचे काम आणि ते टाकायची जागा, दोन्ही एकाच समाजाच्या वाट्याला येत होते. शहराने भाषा बदलली, 'नियोजन' हा शब्द वापरला, पण नकाशा गावचाच राहिला.

प्रशासकीय दृष्टीने ही उपनगरे १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेत आली. घाणीचा भाग शहराला सोयीचा वाटत होता, पण पाणी, मोरी, शाळा आणि दवाखाना यांचा हिशेब आला की तो भाग पुन्हा 'बाहेरचा' होई. महापालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग सर्व विभागांत तळाला होता. या विभागात समाजशास्त्राचे शिक्षण देणारी देशातली नामवंत संस्था १९५४ पासून आहे, हेही लक्षात ठेवावे. ज्ञान आणि घाण शेजारी शेजारी राहिली. त्या ज्ञानात वस्तीचा माणूस बहुतेक वेळा माहिती देणारा राहिला, लिहिणारा झाला तो फार उशिरा.

कोण आले आणि का आले

आपल्या लोकांच्या स्थलांतराची गोष्ट सांगताना नेहमी दुष्काळापासून सुरुवात होते. ती अर्धी गोष्ट आहे. कोकणातले महार बांधव एकोणिसाव्या शतकापासूनच गिरण्या, गोदी, रेल्वे आणि लष्करात होते. गिरणीतही जात दारात उभी होती. विणखात्यात चांगला पगार होता, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो म्हणून अस्पृश्यांना तिथे घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि कामगार पुढाऱ्यांना उत्तर द्यावे लागले. नगरपालिकेच्या सफाई खात्यात मात्र जात आडवी येत नव्हती, कारण तिथे जात हीच पात्रता होती. महारांबरोबर मांग, गुजरातेतून आलेले मेघवाळ आणि वाल्मिकी, तामिळनाडूतून आलेले आदिद्रविड असे अनेक दलित समाज या कामात आणि या वस्त्यांत आले.

गावाकडे काय चालले होते? महार वतनाला बाबासाहेबांनी गुलामीचा करार मानले आणि ते नष्ट करण्यासाठी १९२८ मध्येच कायदेमंडळात विधेयक आणले. वतन कायद्याने गेले ते १९५८-५९ मध्ये. वतन गेले, पण पोटापुरती जमीन सगळ्यांना मिळाली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले. मागणी साधी होती : पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. ती पुरी झाली नाही. म्हणून १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मराठवाडा, सोलापूर, नगर, सातारा भागातली भूमिहीन कुटुंबे सर्वात आधी उठली. ज्याच्याकडे विहीर होती तो थांबला. ज्याच्याकडे फक्त हात होते तो मुंबईच्या गाडीत बसला. दुष्काळ सगळ्यांवर पडतो, पण गाव सोडायची वेळ कुणावर येते ते जमिनीची मालकी ठरवते, आणि जमिनीची मालकी जातीने ठरलेली आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी दुष्काळाच्या गोष्टीत हरवते. माणसे फक्त भुकेने आली नाहीत, ती अपमानाला कंटाळूनही आली. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याबद्दल काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. खेडे हे त्यांच्या दृष्टीने आदर्श प्रजासत्ताक नव्हते, तर संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके होते. १९४२ च्या नागपूर परिषदेत आणि पुढे १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली होती. सरकारने तशा वसाहती केल्या नाहीत. मग लोकांनी खाडीच्या कडेला, रेल्वेच्या रुळालगत, डोंगराच्या उतारावर त्या स्वतःच केल्या. आम्हाला वाटते, उपनगरातल्या आंबेडकरी वस्त्यांकडे या नजरेने पाहिले पाहिजे. राज्याने नाकारलेल्या स्वतंत्र वसाहतीची मागणी तिथे लोकांनी स्वतःच्या पद्धतीने, अपुरी का होईना, अमलात आणली.

एकाला निर्वासित म्हटले, दुसऱ्याला अतिक्रमक

याच पट्ट्यात फाळणीनंतर सिंधी बांधव आले. चेंबूर कॅम्पमध्ये लष्करी बराकींत त्यांची सोय झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत हजारो कुटुंबे वसली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. त्यांनी सोसलेले दुःख खरे होते आणि राज्याने त्यांना आधार दिला हे योग्यच झाले. आमचे भांडण त्यांच्याशी नाही. आमचा प्रश्न राज्याला आहे. फाळणीने घर गेले त्याला निर्वासित म्हटले, नोंद केली, जागा दिली. वतन, बहिष्कार आणि दुष्काळ यांनी घर गेले त्याला अतिक्रमक म्हटले, नोटीस दिली, बुलडोझर पाठवला. विस्थापन दोघांचेही होते. एकाच्या विस्थापनाला इतिहासात तारीख आहे. दुसऱ्याच्या विस्थापनाला तारीखच नाही, कारण ते दोन हजार वर्षे रोज थोडे थोडे होत होते.

१९७१ मध्ये झोपडपट्टी कायदा आला. जानेवारी १९७६ मध्ये पहिली झोपडपट्टी गणना झाली आणि फोटोपास दिले गेले. फोटोपास हे आपल्या अनेक कुटुंबांच्या हाती आलेले पहिले सरकारी कागदपत्र, ज्यावर घर आणि माणूस एकत्र नोंदले गेले. पण त्याच वर्षी, आणीबाणीत, काय झाले पाहा. भाभा अणुसंशोधन केंद्राशेजारी जनता कॉलनी होती. शहरातून हलवलेल्या लोकांची ती वसाहत पालिकेनेच वसवली होती. १७ मे १९७६ रोजी ती पाडली गेली आणि सुमारे ७० हजार लोकांना ट्रकमध्ये घालून चीता कॅम्पला नेण्यात आले. कोर्टकचेऱ्या, मोर्चे, दिल्लीपर्यंतची धाव हे सगळे त्यांनी आधी करून पाहिले होते. या लढ्यातून पुढे आलेले जोकिन अर्पुथम यांनी राष्ट्रीय झोपडपट्टीवासीय महासंघ उभा केला. जनता कॉलनीत तमिळ होते, मुस्लिम होते, दलित होते. पालिकेने वसवलेली वसाहतही अतिक्रमण ठरू शकते, हा धडा या पट्ट्याला तेव्हाच मिळाला.

१९८५ मध्ये पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आपण हा निकाल अभिमानाने सांगतो. पण त्याच निकालाने नोटीस देऊन हटवण्याची परवानगीही दिली, आणि १९७६ च्या गणनेचे ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा द्यायला सांगितले. म्हणजे हक्क सगळ्यांना, पण जागा कागद असलेल्याला. तिथून पुढे झोपडपट्टीचे सगळे राजकारण एका शब्दाभोवती फिरत आले आहे : पुरावा.

नाव देणारे हात

आता त्या भागाकडे वळू, ज्याबद्दल कुणी लिहीत नाही. गावात आपल्या राहण्याच्या जागेला नाव होते, पण ते दुसऱ्यांनी दिलेले होते आणि त्यात जात होती. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. उपनगरात त्याच माणसांनी झोपडी उभी केली, रांगेत आणखी दहा उभ्या राहिल्या, आणि त्यांनी नाव दिले : सिद्धार्थ नगर, पंचशील नगर, मिलिंद नगर, नागसेन नगर, गौतम नगर, भीम नगर, रमाबाई आंबेडकर नगर. 'वाडा' जाऊन 'नगर' आले. ज्या जागेला नळ नव्हता, मोरी नव्हती, तिला नगर म्हणण्याची हिंमत कुठून आली?

ती १४ ऑक्टोबर १९५६ मधून आली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. दहा वर्षांत एवढ्या लोकांनी आपली ओळख स्वतः लिहिली. त्याच लोकांनी वस्तीची नावेही लिहिली. म्हणून आमचे म्हणणे आहे, की वस्तीचे नाव हे नुसते प्रेमापोटी दिलेले नाव नसून धर्मांतराचाच पुढचा दस्तऐवज आहे. शेजारच्या कामराज नगरचे नाव तमिळ नेत्याचे आहे, चिराग नगरात मातंग समाजाचे साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे राहिले. 'फकिरा' कादंबरी लिहून ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करणारा हा लेखक घाटकोपरच्या झोपडपट्टीत राहत होता, हे उपनगराच्या साहित्यिक इतिहासात पहिल्या पानावर यायला हवे. नावे वाचा, वस्ती कुणी कधी वसवली ते कळत जाते.

नावापाठोपाठ काय आले, त्याचाही क्रम आहे. आधी निळा झेंडा, मग पत्र्याचे बुद्ध विहार, मग जयंती मंडळ, मग त्याच विहारात संध्याकाळची अभ्यासिका आणि बालवाडी. नळासाठीचा अर्ज विहारात लिहिला गेला, रेशन कार्डाचा फॉर्म विहारात भरला गेला, लग्नाची बोलणी विहारात झाली, नामांतराच्या मोर्चाच्या गाड्या विहारासमोरून सुटल्या. बाहेरच्या माणसाला ते फक्त प्रार्थनास्थळ दिसते. खरे तर महापालिका वस्तीत पोहोचण्याआधी वस्तीची पालिका विहारातच बसत होती. आणि या पालिकेचे रोजचे काम महिला मंडळाच्या बायांनी केले. पहाटे चारला नळावर रांग लावणाऱ्या, अर्जावर अंगठा उठवून पुन्हा पुन्हा वॉर्ड ऑफिसात जाणाऱ्या, देवनारच्या डोंगरावर कचरा वेचून मुलाची फी भरणाऱ्या बाया. वस्तीच्या फलकावर मात्र मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार असतात. इतिहास लिहिताना हा फलक बाजूला ठेवावा लागेल.

११ जुलै १९९७

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. लोक महामार्गावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे मारली गेली, अनेक जखमी झाली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गॅसच्या टँकरला आग लावली जाणार होती म्हणून गोळीबार करावा लागला, असे सांगितले गेले. गुंडेवार आयोगाने ते मानले नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली, पुढे त्याला जामीन मिळाला.

या घटनेवर बरेच लिहिले गेले, आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाने ती जगापुढे नेली. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने आम्ही एवढेच विचारतो : घाटकोपर उपनगराच्या कुठल्या स्मरणिकेत ११ जुलैची नोंद आहे? स्वतंत्र भारतातल्या या उपनगराच्या इतिहासात राज्याने एका सकाळी दहा नागरिक मारले, याहून मोठी घटना कोणती? जर ती नोंदण्यालायक नसेल तर ती नागरिक माणसे तुमच्या घाटकोपरमध्ये कधी धरलीच नव्हती, असे म्हणावे लागेल.

'गरिबी सगळ्यांची असते, जात कशाला काढता?'

हा आक्षेप नेहमी येतो, त्यामुळे त्याला सरळ उत्तर देऊ. वस्तीत मुस्लिम आहेत, उत्तर भारतीय आहेत, मराठा-कुणबी आहेत, हे खरे आहे. गोवंडीच्या शिवाजी नगर-बैंगनवाडीत मुस्लिम बांधव मोठ्या संख्येने आहेत आणि १९९२-९३ च्या दंगलीनंतर जीव मुठीत धरून आलेली कुटुंबेही त्यांत आहेत. म्हणूनच आम्ही म्हणतो, की वस्ती फक्त गरिबीने बनत नाही. कुणाला शहरात भाड्याने खोली मिळते आणि कुणाला आडनाव विचारून नाकारली जाते, कुणाला कचऱ्याच्या गाडीवर काम मिळते आणि कुणाला ऑफिसात, हे गरिबी ठरवत नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून २०१७ मध्ये मिळाला, त्यासाठी संघटनेला वर्षानुवर्षे लढावे लागले. त्या कामगारांत बहुसंख्य दलित आहेत. गरिबी सगळ्यांची असती तर कचऱ्याच्या गाडीवर सगळे दिसले असते.

पण हाच मुद्दा उलट बाजूनेही लागू होतो. वस्तीचा इतिहास लिहिताना आपण फक्त बौद्धांचा लिहिला आणि मातंग, वाल्मिकी, मेघवाळ, तमिळ दलित, मुस्लिम शेजारी सोडून दिले, तर स्मरणिकावाल्यांनी केले तेच आपणही केले असे होईल. तमिळ दलितांचा प्रश्न तर फार अवघड आहे. पिढ्यानपिढ्या मुंबईची घाण उचलूनही, आजोबा दुसऱ्या राज्यातून आले म्हणून त्यांच्या मुलांना महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. त्यांच्या बाजूने उभे राहायचे तर आधी त्यांची गोष्ट माहीत हवी.

वेळ थोडा का आहे

१९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची योजना सुरू आहे. बिल्डर इमारत बांधतो, पात्र माणसाला खोली मिळते, उरलेल्या जागेवर विक्रीचे टॉवर उभे राहतात. पक्के घर हवेच. चिखलातच राहा आणि संस्कृती जपा, असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण पात्र कोण? ज्याच्याकडे १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा आहे तो. त्यानंतर २०११ पर्यंतचा असेल तर पैसे भरून. बाकीचे अपात्र. वस्तीत काम करताना आम्हाला हे रोज दिसते : तीस-तीस वर्षे राहिलेली विधवा बाई अपात्र ठरते, कारण कागद नवऱ्याच्या नावाचे होते आणि २६ जुलै २००५ च्या पुरात भिजून गेले.

अपात्र आणि प्रकल्पग्रस्त कुठे जातात, तेही नवे नाही. माहुलमध्ये, त्याच तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, हजारो कुटुंबे पाठवली गेली. तिथल्या हवेमुळे लोक आजारी पडले, आंदोलन झाले आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की लोकांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही आणि क्षयरोग घराघरांत शिरला. शंभर वर्षांपूर्वी जो नकाशा कचऱ्यासाठी काढला, त्यावरच आज माणसे ठेवली जात आहेत.

आता रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगराचाही पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपुप्रा मिळून करत आहेत, कारण पूर्व मुक्त मार्ग ठाण्यापर्यंत न्यायचा आहे. हजारो कुटुंबांना घरे मिळतील, मिळालीच पाहिजेत. पण इमारत उभी राहिल्यावर तिचे नाव काय असेल? विहाराची जागा नकाशात कुठे असेल? ११ जुलैला जिथे माणसे पडली ती जागा कोण दाखवील? अनेक ठिकाणी सिद्धार्थ नगराचे 'हाइट्स' झाले आहे आणि विहाराला तळमजल्यावर जिन्याखालची खोली मिळाली आहे. महारवाड्याचे नगर आपण केले, नगराचे 'हाइट्स' बिल्डर करतो आणि आपला इतिहास दोन्ही नावांच्या मध्ये गाडला जातो.

काय करायचे

तरुण कार्यकर्त्यांनो, आम्ही पीएचडी करायला सांगत नाही. प्रत्येक वस्तीत पाच जण जमले तरी हे काम होते.

पहिले, कागद जमवा. १९७६ चा फोटोपास, जुनी रेशन कार्डे, पहिल्या नळजोडणीची पावती, वीज बिल, मतदार यादीचे पान, पाडकामाची नोटीस, जयंती मंडळाच्या वर्गणीची पुस्तके. प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख लिहा, दोन ठिकाणी ठेवा. हा इतिहास आहे आणि उद्या पात्रतेच्या सुनावणीत हाच पुरावाही आहे.

दुसरे, शाळेचे दाखले नीट पाहा. त्यात कुठे 'हिंदू महार', कुठे 'नवबौद्ध', कुठे 'बौद्ध' असते. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० मध्ये मिळाल्या, तोवर लोकांना धम्म आणि सवलत यांत कसे अडकवले गेले, ते या एका रकान्यातून दिसते. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास विचारतात. आजोबांचे गाव, तालुका, तिथल्या शाळेचे नाव आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्या.

तिसरे, बायांशी बोला. आजीला 'तुम्ही मुंबईला कधी आलात' असे विचारले तर साल आठवत नाही. 'कोणते लेकरू पोटात होते', 'तेव्हा नळ कुठे होता', 'पहिली जयंती कुठे झाली' असे विचारा, साल आपोआप निघते. तिच्या शब्दांत लिहा, सुधारू नका.

चौथे, वस्तीचा नकाशा काढा. विहार, विहीर, तालीम, पहिला शिक्षक राहिला ती खोली, पाडलेल्या झोपड्यांची रांग, मातंग गल्ली, मशीद, चर्च, सगळे त्यात असू द्या. पुनर्विकासाची बोलणी सुरू होतील तेव्हा हा नकाशा टेबलावर ठेवा आणि करारात तीन गोष्टी लिहून घ्या : वस्तीचे नाव, विहार-अभ्यासिकेसाठी स्वतंत्र जागा आणि घर पती-पत्नी दोघांच्या नावावर.

हे काम जयंतीच्या डीजेपेक्षा स्वस्त आहे आणि जास्त टिकणारे आहे. जयंतीच्या वर्गणीतला दहावा हिस्सा जरी या कामाला दिला तरी दोन वर्षांत प्रत्येक वस्तीची छापील पुस्तिका निघेल. कान्हेरीच्या लोहाराकडे छिन्नी होती, आपल्याकडे मोबाइल आहे. ज्या लोकांनी दलदल भरून नगर केले, त्यांना झोपडपट्टी या एका शब्दात संपवू द्यायचे की त्यांची नावे लिहून ठेवायची, हे इमारतीचा पाया खणला जाण्याआधी ठरवावे लागेल.

जय भीम!